तिसऱ्या वायरचा निरोप

प्रोजेक्टचा सीझन सुरू झाला की आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी सर्व्हो घरघरत असतो. कुणाचा रोबोटिक आर्म, कुणाचं पार्किंगचं गेट, कुणाचं सूर्याकडे तोंड फिरवणारं सोलर पॅनल. बहुतेक वेळा ती असते एसजी ९० नावाची निळी मोटर, वजन जेमतेम ९ ग्रॅम. तिला तीन वायरी असतात. लाल म्हणजे प्लस, तपकिरी म्हणजे ग्राउंड, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नारिंगी वायरमधून नक्की काय जातं असं विचारलं, की व्हायवामध्ये एकच उत्तर येतं, "सर, पीडब्ल्यूएम." उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. आणि त्या उरलेल्या अर्ध्या भागामुळेच सर्व्हो थरथरतो, गरम होतो, गिअरचे दात जातात आणि शेवटी "सर, मोटरच डुप्लिकेट निघाली" असं सांगायची वेळ येते.

कन्फ्यूजन होतं ते असं. डीसी मोटरचा स्पीड कमी-जास्त करायला आपण पीडब्ल्यूएम शिकतो. तिथे पल्स जितकी रुंद तितकी मोटरला सरासरी पॉवर जास्त. म्हणजे तिथे पल्स हे मोटरचं जेवण आहे. सर्व्होत तसं नाही. सर्व्होचं जेवण लाल वायरने येतं. तिसऱ्या वायरने येतो फक्त निरोप.

धुळे जिल्ह्यातल्या मित्रांना हे पटकन कळेल, कारण आपल्याकडे याचं शेकडो वर्षं जुनं उदाहरण आहे. पांझरा नदीवरची फड पद्धत! नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, आणि पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. आता समजा पाटकऱ्याला निरोप गेला, "दार चार बोटं उघड." निरोप घेऊन जाणारं पोरगं दार उचलत नाही. दार उचलतो पाटकरी, स्वतःच्या ताकदीने. दार किती उघडलंय ते तोच डोळ्यांनी बघतो. कमी असेल तर आणखी उचलतो, जास्त झालं तर खाली सोडतो. निरोप मोठ्या आवाजात दिला म्हणून दार जास्त उघडत नाही. सर्व्हो हा असा पाटकरी आहे.

सर्व्हो हा शब्दही असाच आला. फ्रान्सच्या जोसेफ फार्को याने १८७३ साली जहाजाचं सुकाणू वाफेच्या इंजिनाने फिरवण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने 'सर्व्हो-मोतर' हा शब्द वापरला. सुकाण्याच्या चाकावर माणसाचा हात हलका, ताकद वाफेची. लॅटिनमधला 'सर्व्हस' म्हणजे सेवक, त्यावरून.

आता डबी उघडून बघू. (बंद पडलेला सर्व्हो उघडा. चार स्क्रू काढले की झालं.) आत एक साधी डीसी मोटर, तिच्यावर गिअर, शेवटच्या गिअरच्या शाफ्टला जोडलेला एक छोटा पोटेन्शिओमीटर आणि एक इवलासा सर्किट बोर्ड. पोटेन्शिओमीटर म्हणजे पाटकऱ्याचे डोळे. शाफ्ट जसा फिरतो तसा पॉटचा रेझिस्टन्स बदलतो, म्हणजे शाफ्ट आत्ता कुठे आहे हे बोर्डाला सतत कळत असतं.

निरोपाची भाषा अगदी सोपी आहे. वायर एरवी शून्य व्होल्टला असते. साधारण दर २० मिलिसेकंदांनी ती थोडा वेळ ५ व्होल्टला जाते आणि परत खाली येते. ती किती वेळ वर राहिली, एवढाच मजकूर. १.५ मिलिसेकंद वर राहिली तर हॉर्न मधोमध. १ मिलिसेकंद असेल तर एका बाजूला, २ असेल तर दुसऱ्या बाजूला. रेडिओ कंट्रोलच्या सर्व्होत या एक मिलिसेकंदाच्या फरकात हॉर्न साधारण ९० अंश फिरतो. म्हणजे एका अंशाला साधारण ११ मायक्रोसेकंद. आपल्याकडच्या स्वस्त सर्व्होला पूर्ण १८० अंश फिरवायचं तर पल्स ०.५ पासून २.४ मिलिसेकंदापर्यंत न्यावी लागते.

मला स्वतःला सर्वांत जास्त आवडला तो आतला बोर्ड. जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग सर्व्होत प्रोसेसर वगैरे काही नसतो. बाहेरून पल्स सुरू झाली की त्याच क्षणी आतला एक मोनोस्टेबल स्वतःची पल्स सुरू करतो, आणि ती किती लांब असावी हे पॉट ठरवतो. म्हणजे एकाच वेळी दोन पल्स चालू: एक "जायचं कुठे" सांगणारी, दुसरी "आहे कुठे" सांगणारी. दोन्ही एकदम संपल्या तर हॉर्न बरोबर जागेवर आहे, मोटर बंद. बाहेरची पल्स उशिरा संपली तर एका दिशेला फिर, आतली उशिरा संपली तर उलट दिशेला. दोन्हींमधला जो फरक उरतो तो फारच लहान असतो, म्हणून एक सर्किट त्याला ताणून मोठा करतं आणि एच-ब्रिजमार्फत मोटरला देतं. फरक मोठा तर मोटरला भरपूर वेळ पॉवर. हॉर्न जवळ येत जातो तसा फरक कमी होतो आणि मोटर हळू होते. फरक पाच-दहा मायक्रोसेकंदांच्या आत आला की बोर्ड म्हणतो, "चालेल, बस." याला डेड बँड म्हणतात. तो नसता तर सर्व्हो कायम इकडेतिकडे थरथरत राहिला असता. कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरात आपण जो एरर सिग्नल काढत बसतो, तो इथे सरळ सीआरओवर बघायला मिळतो!

आता ड्यूटी सायकलचा प्रश्न निकालात काढू. लॅबमध्ये हा प्रयोग करून बघा. पल्स १.५ मिलिसेकंदच ठेवा, पण ती दर २० ऐवजी दर १५ मिलिसेकंदांनी द्या. ड्यूटी सायकल झाली १० टक्के. मग दर २५ मिलिसेकंदांनी द्या. ड्यूटी सायकल झाली ६ टक्के. हॉर्न जागचा हलत नाही! जेवणाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, पण निरोप तोच आहे. मात्र दोन पल्समधलं अंतर १०० मिलिसेकंदांवर नेलंत तर सर्व्हो ढिला पडतो, कारण ॲनालॉग सर्व्हो निरोप आला की तेवढ्यापुरताच जोर लावतो. निरोपच येईनासा झाला तर हाताने हॉर्न फिरवता येतो.

मग ही २० मिलिसेकंदांची पद्धत आली कुठून? विमानाच्या मॉडेलमधून. एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी एरोमॉडेलिंग केलंय त्यांना ते रेडिओ सेट माहीत असतील. एकाच रेडिओवरून आठ सर्व्होंचे निरोप पाठवायचे, तर ते एकामागून एक रांगेत पाठवायचे. एका निरोपाला जास्तीत जास्त २ मिलिसेकंद धरले तर आठांचे १६ झाले. वर थोडी शांतता ठेवायची, म्हणजे रिसीव्हरला कळतं की रांग संपली, आता पुन्हा पहिल्यापासून. झाले २०. आपल्या प्रोजेक्टमध्ये रेडिओ नसतो, रांगही नसते, पण प्रथा राहिली.

ज्यांच्याकडे सीआरओ नाही त्यांच्यासाठी हॉस्टेलचा उपाय. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून सिग्नल आणि ग्राउंडमध्ये लावा. मीटर सरासरी दाखवतो. ५ व्होल्टची पल्स, १.५ मिलिसेकंद, दर २० ला एक, म्हणजे ०.३७५ व्होल्ट. एका टोकाला ०.२५, दुसऱ्या टोकाला ०.५. यापेक्षा फारच वेगळा आकडा आला, उदाहरणार्थ २.५, तर समजा की तुम्ही चुकीचं फंक्शन वापरलंय. आर्डुइनो ऊनोवर ॲनालॉग राइट नावाचं फंक्शन बहुतेक पिनांवर सुमारे ४९० हर्ट्झने पल्स देतं, म्हणजे एक फेरा जेमतेम २ मिलिसेकंदांचा. मोटरच्या स्पीडसाठी छान, सर्व्होसाठी ती नुसती बडबड. सर्व्होची लायब्ररी वेगळी आहे. तिच्यात शून्य अंश म्हणजे ५४४ मायक्रोसेकंद आणि १८० म्हणजे २४०० असं धरलेलं आहे. तुमच्या सर्व्होचा गिअर त्याआधीच आतल्या खुंटीला अडत असेल तर तो तिथे गुरगुरत बसतो आणि तापतो. अशा वेळी अंशांत न बोलता सरळ मायक्रोसेकंदांत बोलावं.

८०५१ वाल्यांसाठी एक हिशेब, कारण तो आपल्या सिलॅबसमधला आहे. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर टायमरचा एक काउंट म्हणजे एक मायक्रोसेकंद. १५०० काउंटसाठी ६५५३६ मधून १५०० वजा केले की ६४०३६, हेक्समध्ये एफए२४. हा आकडा पुस्तकातून उतरवून घेतला आणि बोर्डावर मात्र ११.०५९२ चा क्रिस्टल असेल (सिरियल पोर्टसाठी बहुतेक बोर्डांवर तोच असतो), तर एक काउंट होतो १.०८५ मायक्रोसेकंदांचा. पल्स १५०० ऐवजी १६२८ ची निघते. फरक १२८ मायक्रोसेकंद, ११ ने भागा: साडेअकरा अंश! प्रोग्रॅम बरोबर, वायरिंग बरोबर, आणि हॉर्न वाकडा. ११.०५९२ साठी १३८२ काउंट लागतात, म्हणजे एफए९ए.

मायक्रोकंट्रोलर नको असेल तर ५५५ टायमर आहेच. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डिस्चार्जसाठी २७० के, आणि चार्जिंगचा रस्ता वेगळा करायला त्या २७० के च्या आडवा एक डायोड. डिस्चार्जचा वेळ ०.६९३ च्या फॉर्म्युल्याने १८.७ मिलिसेकंद येतो, छान. पण चार्जिंगला तोच फॉर्म्युला लावू नका. ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये डायोडचे ०.६ व्होल्ट जातात आणि ०.६९३ च्या जागी सुमारे ०.९४ येतं. त्यामुळे १.५ मिलिसेकंदाला फॉर्म्युल्याने निघणारे २१.६ के नव्हे, तर साधारण १६ के लागतात. १० के चा रेझिस्टर आणि सिरीजमध्ये १० के चा पॉट लावलात तर ०.९४ ते १.८८ मिलिसेकंदांपर्यंत फिरवता येईल. गोलाणी मार्केटात एका फेरीत सगळं सामान मिळतं.

पॉवरबद्दल थोडक्यात. सर्व्होचा सप्लाय वेगळा ठेवा, पण ग्राउंड एकच करा. ५ व्होल्ट म्हणजे "कशापासून" ५ व्होल्ट, हे दोघांनाही सारखं कळायला हवं, नाहीतर निरोपाला अर्थच नाही. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी या कामाची नाही. आणि १२ व्होल्टवरून ७८०५ लावून एक अँपिअर काढायला गेलात तर ७ वॅटची उष्णता त्या चिपमध्येच जिरते. भुसावळच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, हीटसिंक नसलेला ७८०५ किती टिकेल ते मी सांगायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. सावद्याकडे माझ्या मामांची केळी आहे, ठिबकवर. ज्या फीडरवर शेतीची लाइट अजून रात्री येते तिथे शेतकऱ्याला रात्री उठून बागेत जावं लागतं, एका प्लॉटचा वॉल बंद करून दुसऱ्याचा उघडायला. अंधार, चिखल, साप. मामांनी सर्व्हो हातात घेऊन विचारलं, "काय भो, हे खेळणं माझा वॉल फिरवेल का?" प्रश्न फारच चांगला आहे, कारण त्याचं उत्तर ताकदीपाशी सुरू होतं आणि सिग्नलपाशी येऊन थांबतं.

आधी ताकद. बॉल व्हॉल्व्हचा दांडा आडवा असताना केंद्रापासून १० सेंटिमीटरवर बाटली लटकवायची आणि तिच्यात पाणी ओतत जायचं. एक लिटरला दांडा हलला तर १० किलो-सेंटिमीटर. मामांचा ६३ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह १२ सेंटिमीटरवर दीड लिटरची भरलेली बाटली लटकवूनही हलला नाही, म्हणजे १८ पेक्षा जास्त. एसजी ९० ची ताकद १.८, इथे विषयच नको. मेटल गिअरच्या एमजी ९९६ आर ची डेटाशीटवर ६ व्होल्टला ११. सर्व्हो १८० अंश फिरतो आणि व्हॉल्व्हला ९० च लागतात, म्हणून मध्ये दोनास एक गिअर लावला तर कागदावर २२. कागदावर जमतं! पण वाळू अडकलेल्या, उन्हात कडक झालेल्या व्हॉल्व्हवर मी हा भरवसा ठेवणार नाही.

आणि समजा जमलं, तर खरी भीती पुढे आहे. नवीन निरोप मिळाला की सर्व्हो जिवाच्या आकांताने पळतो. एमजी ९९६ आर ६० अंश सुमारे ०.१७ सेकंदात जातो, म्हणजे १८० अंशांना अर्धा सेकंद. २०० मीटरच्या पीव्हीसी पाइपमधलं वाहतं पाणी अर्ध्या सेकंदात अडवलं तर काय होतं हे निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली मांडलं. दाबाची वाढ म्हणजे पाण्याची घनता गुणिले दाबलहरीचा वेग गुणिले पाण्याचा वेग. पीव्हीसीत लहरीचा वेग ४०० मीटर प्रति सेकंद धरू, पाण्याचा १.५. उत्तर ६ लाख पास्कल, म्हणजे ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, तेही आधीच्या दाबावर जादा. शेतातला पाइप अनेकदा ४ किलोच्या क्लासचा असतो. लहर जाऊन परत यायला २०० मीटरला एक सेकंद लागतो. त्याआत व्हॉल्व्ह बंद झाला तर पूर्ण दणका बसतो. रात्री दोन वाजता पाइप फुटला तर मामा झोपेतून उठणारच, उलट जास्त चिडून उठतील.

यावरचा उपाय सिग्नलमध्येच आहे. शेवटचा निरोप एकदम द्यायचा नाही. पूर्ण प्रवासाला साधारण १८०० मायक्रोसेकंदांचा फरक लागतो असं धरा. तीस सेकंदांत १५०० फ्रेम जातात, म्हणजे प्रत्येक फ्रेमला पल्स १.२ मायक्रोसेकंदांनी वाढवायची. डेड बँडमुळे हॉर्न दर चार-पाच फ्रेमनंतर अर्धा अंश सरकेल, व्हॉल्व्ह पाव अंश. बॉल व्हॉल्व्हमध्ये पाणी खरं अडतं ते शेवटच्या पाव भागात, म्हणून तिथे आणखी सावकाश. आणि पुढच्या प्लॉटचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, मागचा नंतर बंद करायचा. अनुभवी शेतकरी हे न शिकवता करतो, प्रोग्रॅममध्ये मात्र ते लिहावं लागतं.

एक खाच आणखी आहे. लाइट गेली की निरोप थांबतात, सर्व्हो ढिला पडतो, व्हॉल्व्ह आपल्या घर्षणाने आहे तिथे राहतो. हे चांगलंच. पण लाइट परत आली की कंट्रोलरला हॉर्न कुठे होता हे आठवत नाही. त्याने पहिलाच निरोप "मध्यावर ये" असा दिला, तर सर्व्हो पुन्हा अर्ध्या सेकंदाच्या वेगाने उडी मारतो, आणि आपली तीस सेकंदांची सगळी हुशारी पाण्यात. म्हणून प्रत्येक हालचालीनंतर शेवटची पल्स ईईप्रॉममध्ये लिहून ठेवायची. सुरू होताना ती वाचायची, आधी तोच आकडा लायब्ररीला द्यायचा आणि मगच पिन अटॅच करायची.

तरीही निरोप एकतर्फीच आहे. पॉट सर्व्होच्या डबीत आहे, त्याने पाहिलेलं बाहेर सांगायला चौथी वायर नाही. गिअरचा दात तुटला, तरी कंट्रोलर निवांत पल्स पाठवत राहतो. त्यामुळे दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक मायक्रोस्विच हवाच, आणि तो दाबला गेल्याशिवाय दुसरा व्हॉल्व्ह हलवायचा नाही.

माझं मत विचाराल तर मोठ्या व्हॉल्व्हला सर्व्हो थेट जोडूच नये. ठिबकच्या ऑटोमेशनमध्ये हायड्रॉलिक व्हॉल्व्ह मिळतात, त्यांत पाण्याचाच दाब पडदा ढकलतो. त्याला लागतो फक्त एक बारीक पायलट कॉक, बोटाने फिरेल इतका हलका. सर्व्होने तेवढाच फिरवायचा. पाइपमधलं पाणी ताकद देईल, आणि पडद्यावरची जागा भरायला वेळ लागतो म्हणून बंदही आपोआप हळू होईल. पुढच्या सुट्टीत मामांच्या एका प्लॉटवर, दिवसा, त्यांच्यासमोर हे लावून बघायचं ठरलंय. ज्यांना यायचंय त्यांनी सांगा. केळी मामांकडून, पाना आणि मल्टिमीटर आपापला आणावा.